जर्मन पावसाचं कूळ आणि मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. शब्दांच्या बाबतीत मात्र ते शोधण्यातच मजा असते, आणि जर्मन शब्दांच्या बाबतीत तर मराठी माणसाला घरबसल्या बरंच हाती लागतं. जर्मनमध्ये खिळा आणि नख या दोन्हींना 'नागल' म्हणतात. आपलं 'नख' आणि त्यांचं 'नागल' एकाच जुन्या शब्दाची पोरं. त्यांचं धुकं म्हणजे 'नेबल'. ते आपल्या 'नभा'चं भावंड, कारण संस्कृतमध्ये 'नभस्' म्हणजे नुसतं निळं आकाश नव्हे. ढग, वाफ, धुकं हेही त्याचे अर्थ होते. त्यांचा गुडघा 'क्नी', आणि आपण रामाला 'आजानुबाहू' म्हणतो, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. त्यातला 'जानु' आणि हा 'क्नी' एकच.

नख झालं, धुकं झालं, गुडघा झाला. आता पाऊस. जर्मनमध्ये पावसाला 'रेगन' म्हणतात. अशी नात्यांची रांग लागल्यावर वाटतं की याचाही कोणी चुलत-मावस आपल्याकडे सापडेल. पण पक्का असा एकही सापडत नाही. आपल्याकडे नाही आणि लॅटिन-ग्रीकमध्येही नाही. जी गोष्ट रोज डोक्यावर पडते तिचंच नाव भाऊबंदांपासून तुटलेलं आहे.

आधी शब्दाची ओळख. 'रेगन' पुल्लिंगी आहे, आपल्या पावसासारखाच. त्यातला 'ग' आपल्या गवतातल्यासारखा स्पष्ट, आणि बोलताना शेवटचा 'न' बहुतेक जण नाकातच विरघळवतात. अकराव्या शतकाच्या आधीच्या जर्मनमध्ये हा शब्द 'रेगान' असा दिसतो. डच लोक आजही 'रेगन'च लिहितात. फक्त त्यांचा 'ग' घशातून खरवडून येतो. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन आणि आइसलँडिकमध्ये लिहायचं रूप 'रेग्न' आहे. या सगळ्या भाषा एका घरातल्या. त्यांना जर्मानिक भाषा म्हणतात आणि इंग्रजीही त्यांतलीच.

या घरातला सर्वांत जुना मोठा मजकूर गॉथिक भाषेत आहे. ती भाषा आता मेली. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबलचं गॉथिकमध्ये भाषांतर केलं. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईनं लिहिलेली आहे आणि ती स्वीडनमधल्या उप्साला इथे जपून ठेवली आहे. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाची जी गोष्ट येशू सांगतो, तिच्यात पाऊस येतो आणि तिथे 'रिग्न' हा शब्द आहे. म्हणजे या शब्दाचा कागदोपत्री पुरावा जवळजवळ सोळाशे वर्षं मागे जातो.

त्याच भाषांतरात आणखी एक वाक्य आहे, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं. देव सज्जनांवर आणि दुर्जनांवर सारखाच पाऊस पाडतो, असा त्याचा आशय. वुल्फिलाच्या गॉथिकमध्ये इथे सरळ क्रियापद आहे, 'रिग्नीथ', आणि त्याचा कर्ता देव. देव पावसतो. असं म्हणणं मराठीत विचित्र वाटेल, पण संस्कृतमध्ये 'देवो वर्षति' हे अगदी रुळलेलं वाक्य आहे. मार्टिन ल्यूथरनं १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा त्यानं वाक्य बदललं : देव पाऊस 'पडू देतो'. आणि आजचा सामान्य जर्मन माणूस खिडकीतून बघून म्हणतो, 'एस रेगनेट'. यातला 'एस' म्हणजे 'ते'. ते म्हणजे कोण? कोणीच नाही. जर्मन व्याकरणाला वाक्यात कर्ता लागतो, म्हणून रिकाम्या खुर्चीवर एक सर्वनाम बसवलेलं आहे. इंग्रजीतल्या 'इट रेन्स'मधला 'इट' हाच. मराठीनं ही अडचण फार सोप्या रीतीनं सोडवली. आपल्याकडे पाऊस स्वतःच कर्ता आहे. तो येतो, पडतो, कोसळतो, लागतो, उघडतो आणि रुसून दडीसुद्धा मारतो.

आता तुम्ही विचाराल, 'रेगन' आणि इंग्रजीतला 'रेन' यांच्यात 'ग'चा फरक कसा पडला? जुन्या इंग्रजीत तो 'रेग्न'च होता. पुढे स्वराच्या शेजारचा 'ग' मऊ होत गेला, 'य'सारखा झाला आणि मागच्या स्वरात मिसळून गेला. हे एकाच शब्दाच्या वाट्याला आलेलं नाही. जर्मन 'नागल' म्हणजे इंग्रजी 'नेल'. गारांना जर्मन 'हागल', इंग्रजी 'हेल'. शिडाला जर्मन 'जेगल', इंग्रजी 'सेल'. जर्मन 'वेग' म्हणजे वाट, इंग्रजी 'वे'. एकदा ही किल्ली हाती आली की अर्धी शब्दसंग्रहाची वही आपोआप भरते. जर्मन शिकवणाऱ्यांनी ती पहिल्याच महिन्यात द्यायला हवी असं माझं मत आहे. नॉर्वेजियन आणि डॅनिश लोकांची तऱ्हा अजून गमतीची. लिहिताना ते 'रेग्न' लिहितात आणि बोलताना त्यांचाही 'ग' 'य'कडे झुकतो.

मधल्या 'ग'चं हे पाणी होणं आपल्याला नवं नाही. संगमनेर, पारनेर, अमळनेर या नावांतला 'नेर' म्हणजे 'नगर'. प्राकृतात 'नगर'चं 'नयर' झालं आणि पुढे 'नेर'. जुन्नर म्हणजे जीर्णनगर. आपला 'पाऊस'ही असाच झिजून आलाय. संस्कृत 'प्रावृष्', म्हणजे पावसाळा, प्राकृतात 'पाउस' झाला आणि मराठीनं तो उचलला. ऋतूचं नाव आपण थेंबांना दिलं. पाणी चार महिन्यांतच पडायचं असेल तर ऋतू आणि थेंब वेगळे ठेवायचे कशाला?

इथवर सगळं सरळ आहे. जर्मानिक घरातल्या सगळ्यांचे पुरावे जोडून अभ्यासक एक मूळ रूप मांडतात, साधारण 'रेग्ना' असं. त्याच्या मागे काय, इथे वाट संपते.

शोध घेतला गेला नाही असं नाही. लॅटिनमध्ये 'रिगारे' असं क्रियापद आहे, म्हणजे पाणी देणं, शिंपणं. आपल्या इरिगेशन खात्याच्या नावात तेच आहे. अर्थ जवळ, आवाज जवळ. मग नातं का नाही? कारण हे नातं आवाज सारखा वाटतो म्हणून ठरत नाही, नियमानं ठरतं. याकोब ग्रिमनं (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच) १८२२ मध्ये दाखवून दिलं की जर्मानिक भाषांतली व्यंजनं एका ठरावीक पद्धतीनं सरकलेली आहेत. जिथे लॅटिनमध्ये 'ग' आहे तिथे जर्मानिक घरात मुळात 'क' हवा. लॅटिन 'गेनू' म्हणजे गुडघा, जर्मन 'क्नी'. लॅटिन 'आगेर' म्हणजे शेत, जर्मन 'आकर'. या हिशेबानं 'रिगारे'चा जर्मानिक भाऊ 'रेकन'सारखा काहीतरी असायला हवा होता, 'रेगन' नव्हे. म्हणजे जे फार सारखं दिसतं तेच इथे संशयास्पद ठरतं. काहींनी पळवाटा सुचवल्या आहेत, पण एकमत झालेलं नाही, आणि गंभीर व्युत्पत्तिकोश या शब्दापुढे 'मूळ अनिश्चित' अशा अर्थाचा शेरा मारून थांबतात.

हा शेरा मला आवडतो. कारण आपल्याकडे दुसऱ्या टोकाची सवय आहे. 'रेगन' वाचल्यावर कुणीतरी नक्की म्हणेल की हे आपल्या 'रेघे'वरून आलं, पाऊस रेघांसारखा पडतो ना! ऐकायला गोड आहे. पण आपली 'रेघ' संस्कृत 'रेखा'पासून आली, आणि तिचा जर्मनीच्या पावसाशी काडीचाही संबंध दाखवता येत नाही. 'सगळं संस्कृतातूनच निघालं' म्हणणाऱ्या फॉरवर्डांत असले शब्द फार असतात. खरी नाती, म्हणजे नख, नभ, जानु, इतकी सुरेख असताना खोटी कशाला लावायची हे मला कधी कळलं नाही.

ग्रिम बंधूंनी जो अवाढव्य जर्मन शब्दकोश सुरू केला त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. याकोब १८६३ मध्ये वारला तेव्हा काम 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या शब्दापर्यंत आलं होतं. पावसापर्यंत तो पोचलाच नाही. ते अक्षर पुढच्यांनी लिहिलं.

बाहेर नातेवाईक नाहीत, पण खुद्द जर्मनमध्ये 'रेगन'चे तोतये भरपूर. पहिला तोतया म्हणजे हुबेहूब तसंच क्रियापद, 'रेगन', अर्थ हलणं, हालचाल करणं. 'आउफरेगन' म्हणजे चिडणं किंवा अस्वस्थ होणं, 'आनरेगन' म्हणजे चालना देणं. यांचा पावसाशी संबंध नाही. 'जिख रेगन ब्रिंग्ट जेगन' अशी म्हण आहे : हातपाय हलवले की बरकत येते. दुसरी म्हण 'मायरेगन ब्रिंग्ट जेगन', मे महिन्याचा पाऊस बरकत आणतो. दोन्ही म्हणी यमकात अशा बसल्यात की नव्या शिकणाऱ्याची गल्लत व्हावी.

दुसरा तोतया नकाशावर आहे. बव्हेरियात रेगन्सबुर्ग नावाचं देखणं जुनं शहर आहे. बाराव्या शतकातला दगडी पूल, डॅन्यूब नदी, रोमन भिंतींचे अवशेष, सगळं आहे. नावावरून वाटतं पावसाचा गड. प्रत्यक्षात तिथे रेगन नावाची नदी डॅन्यूबला मिळते आणि शहराला तिचं नाव मिळालं. रोमनांनी इसवी सन १७९ मध्ये मार्कस ऑरेलियसच्या काळात इथे छावणी उभारली, तिचं नाव 'कास्त्रा रेगिना'. म्हणजे नदीचं नाव त्याही आधीचं. जर्मन पावसावरून ते पडलं, असं म्हणायला आधार नाही.

तिसरा तोतया माणसांच्या नावांत आहे. राइनर, राइनहार्ड, राइनहोल्ड ही नावं इंग्रजी कानाला पावसाळी वाटतात. त्यांच्या मुळाशी 'रागिन' किंवा 'रेगिन' आहे, म्हणजे सल्ला, निर्णय. मधला 'ग' इथेही गळाला, 'रेगिनहार्ट'चा 'राइनहार्ड' झाला. तेव्हा 'ग' खाऊन टाकणं ही काही फक्त इंग्रजांची मक्तेदारी नाही.

खरी संतती बघायची तर जोडशब्दांत बघावी. 'रेगनबोगन' म्हणजे इंद्रधनुष्य. 'बोगन' म्हणजे कमान आणि धनुष्यही. आपण ते धनुष्य इंद्राच्या हाती दिलं, जर्मनांनी पावसाच्या. 'रेगनशिर्म' म्हणजे छत्री. यातला 'शिर्म' मोठा कामाचा शब्द. त्याचा जुना अर्थ ढाल, संरक्षण. 'जोननशिर्म' उन्हापासून वाचवतो, 'फालशिर्म' पडण्यापासून, म्हणजे पॅराशूट. आणि कॉम्प्युटरचा पडदा 'बिल्टशिर्म'. मराठीतही 'छत्र' झाकण्यावरूनच आलं, आणि छत्रछाया, छत्रपती इथवर पोचलं. फक्त ते संगणकावर चढलं नाही.

गांडुळाला 'रेगनवुर्म' म्हणतात, पावसातला किडा. काही लोक हुशारी करून सांगतात की हे मघाच्या हलण्याच्या 'रेगन'वरून आलं, वळवळणारा म्हणून. पण जुन्या इंग्रजीतही गांडुळाला 'रेग्नवुर्म' असाच, पाऊस-किडा अशा अर्थाचा शब्द होता. दोन भावंडांकडे एकच गोष्ट सापडली की ती बहुधा घरातली जुनी असते.

आणि एक पक्षी. 'रेगनप्फायफर', पावसाची शीळ घालणारा. इंग्रजीत हा 'प्लव्हर', आणि त्याही नावाच्या मुळाशी लॅटिन पाऊसच आहे, 'प्लुविया'. मराठीत याच कुळातल्या पक्ष्यांना चिखल्या म्हणतात. जर्मनांना ऐकू आला पाऊस, आपल्याला दिसला चिखल. आपल्याकडे पावसाची वर्दी द्यायला पावशा आहे ना, 'पेरते व्हा' म्हणत!

वाक्प्रचारांत मात्र दोन देशांची हवा स्पष्ट वेगळी पडते. तोंड पाडून बसलेल्या माणसाबद्दल जर्मन म्हणतात, 'सात दिवस पाऊस लागल्यासारखा चेहरा'. आपल्याकडे मृग कोरडा गेला की चेहरे तसे होतात. एखाद्याला ऐनवेळी एकटं टाकणं म्हणजे त्याला 'पावसात उभं ठेवणं'. आपण वाऱ्यावर सोडतो. पण 'उबदार पाऊस' म्हणजे अचानक हाती आलेले पैसे, तेव्हा त्यांच्या लेखी पाऊस अगदीच वाईट नाही.

माझा लाडका वाक्प्रचार 'फोम रेगन इन डी ट्राउफे', पावसातून 'ट्राउफे'त जाणं. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, तोच हा अर्थ. शब्दकोश 'ट्राउफे'ला छपराची कड म्हणून मोकळे होतात, आणि मग म्हणीतली गंमत निसटते. कोकणातल्या माणसाला ती लगेच कळेल, कारण 'ट्राउफे' म्हणजे वळचण, जिथून पागोळ्या गळतात ती जागा. पावसाला घाबरून माणूस भिंतीशी आडोशाला धावतो आणि बरोबर तिथे उभा राहतो जिथे अख्ख्या छपराचं पाणी एका ओळीत ओघळतंय. पन्हळ नसलेल्या जुन्या घरांच्या काळातली ही म्हण आहे. उघड्यावर नुसता भिजला असता, आडोशाला न्हाऊन निघाला.

'रेगन' हा सर्वसाधारण शब्द. प्रकार म्हटले की जर्मन भाषेची आवडती सवय, शब्दाला शब्द जोडण्याची, कामाला लागते. जर्मनीत वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा पुणे शहराच्या पावसाच्या जवळपासचा. फरक असा की पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत आटपतो आणि जर्मनीचा बारा महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो. म्हणून त्यांच्याकडे संथ पावसाला नावं मिळाली. 'लांटरेगन' म्हणजे मोठ्या प्रदेशावर एका लयीत, तासन् तास पडत राहणारा पाऊस. आपण ज्याला झड म्हणतो तिच्या जवळ जाणारा, पण तिच्याइतका ओला नव्हे. 'नीझलरेगन' म्हणजे भुरभुर. हवामानशास्त्रात त्याला 'श्प्र्यूरेगन' म्हणतात आणि त्याचे थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात. 'प्लात्सरेगन' म्हणजे एकदम फुटून कोसळणारा. 'प्लात्सन' म्हणजे फुटणं. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग 'श्न्यूर्लरेगन'साठी प्रसिद्ध आहे, दोऱ्या सोडल्यासारखा उभा, न थांबणारा पाऊस. दोरीची कल्पना सगळीकडेच आहे : जोरात पडला की जर्मन म्हणतात 'सुतळ्या पडतायत'. आपण थेट मुसळं आणतो.

सरीला 'शाउअर' म्हणतात. हा इंग्रजीतल्या 'शॉवर'चा भाऊ, आणि 'रेगन'पेक्षा नशीबवान, कारण याचे नातेवाईक सापडतात. गॉथिकमध्ये 'स्कुरा' म्हणजे वादळ, आणि लॅटिनमध्ये वायव्येच्या वाऱ्याला 'काउरुस' म्हणतात, तो याच कुळातला मानतात. म्हणजे सरीच्या आधी तिथे वारा होता. 'शाउअर'चा दुसरा अर्थ अंगावरचा काटा. आता मघाचा मोह पुन्हा होईल : शाउअर आणि शहारा! पण त्यांच्या 'श'च्या जागी मुळात 'स्क' होता. तेव्हा हा योगायोग म्हणून मजेत घ्यावा आणि सोडून द्यावा.

सरकारी कागदावर 'रेगन' फारसा दिसत नाही, तिथे 'नीडरश्लाग' असतो. 'नीडर' म्हणजे खाली, 'श्लाग' म्हणजे तडाखा. पाऊस, बर्फ, गारा, दव, जे काही आकाशातून किंवा हवेतून खाली येऊन साठतं ते सगळं यात येतं. आपल्या हवामान बातम्यांतला 'पर्जन्य' याच्या जवळचा. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणं हाही 'नीडरश्लाग', आणि त्याच घरचं विशेषण 'नीडरगेश्लागन' म्हणजे खचलेला. एवढा कोरडा सरकारी शब्द, पण आत गुद्दा लपलेला.

गेल्या काही वर्षांत घराघरात पोचलेला शब्द वेगळाच आहे, 'श्टार्करेगन', शब्दशः जोरदार पाऊस. १४ जुलै २०२१ च्या रात्री पश्चिम जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास पुराचं जे थैमान झालं त्यात जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. काही ठिकाणी चोवीस तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण अरुंद खोरं, आधीच भिजलेली जमीन आणि नदीला चिकटून वसलेली गावं, यांचा हिशेब वेगळा असतो.

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी मोबाईलवरचा इशारा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, जर्मन बातम्यांत पाऊस बहुतेकदा 'दर चौरस मीटरला इतके लिटर' असा सांगतात. एक लिटर म्हणजेच आपला एक मिलिमीटर, रूपांतर करायची गरज नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भारतीय हवामान विभागाचा 'जोरदार पाऊस' चोवीस तासांवर मोजतात आणि तो ६४.५ मिलिमीटरला सुरू होतो. जर्मन हवामान खातं 'श्टार्करेगन'चा पहिला इशारा तासाला १५ लिटरवर देतं, २५ च्या वर गंभीर वादळी हवामानाचा, आणि ४० च्या वर गेला की सर्वांत वरचा. म्हणजे त्यांचं घड्याळ तासाचं, आपलं दिवसाचं. फोनवर 'तीस लिटर' दिसलं तर 'एवढंच?' म्हणायच्या आधी ते किती वेळातलं आहे ते बघावं, आणि गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर आधी ती वर काढावी.